दादाच्या हाताचा हिशेब

लेस्टर, रविवार

ती. अण्णा व सौ. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी मजेत आहे. आधी मानेचं सांगतो, म्हणजे आईचा जीव थाऱ्यावर येईल. मान दोन्हीकडे वळते. पट्टा कधी लावलाच नव्हता, फोटोत दिसला तो मफलर. गाडी मी चालवत नव्हतो. सिग्नलला उभे होतो, मागून कुणीतरी ठोकली, बस. महिनाभर बोललो नाही ते चुकलंच. पण सांगून काय झालं असतं? तू रात्रभर जागली असतीस.

आता इथली गंमत ऐका. मानेला हिसका बसला तर किती पैसे द्यायचे याचं इथे चक्क सरकारी दरपत्रक आहे, २०२१ पासून. मुख्य प्रश्न एकच, दुखणं किती महिन्यांचं? तीन महिन्यांच्या आतलं असेल तर पहिली ओळ. त्यावर गेलं की दुसरी, तिथे रक्कम दुपटीच्या वर. असं करत करत दोन वर्षांपर्यंत. पहिल्या ओळीचे आधी २४० पौंड होते, ३१ मे २०२५ पासूनच्या अपघातांना २७५. मान शिपायाची असो की साहेबाची, ओळ तीच. बुडालेला पगार तेवढा वेगळा. फॉर्म आपला आपण ऑनलाइन भरायचा, वकील केलाच पाहिजे असं नाही. आणि डॉक्टरांचा रिपोर्ट येण्याआधी ‘एवढे घ्या आणि मिटवा’ असं म्हणायला विमा कंपनीला कायद्यानेच बंदी! डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखलं? मी म्हटलं, नऊ आठवडे. आमचा गाडीवाला गुजराती भाई नंतर डोक्याला हात लावून बसला, चार महिने म्हणायचं की रे! तर मला २७५ मिळाले. आपले तीसेक हजार.

ते खात्यात जमा झाले त्या रात्री झोप लागली नाही.

अण्णा, तुम्ही म्हणालात की दादाच्या अपघाताचे टेम्पोवाल्याची विमा कंपनी लोकअदालतीत नऊ लाख देतेय, घेऊन टाकू, चार वर्षं नुसत्या तारखा चालल्यात. तुमचं चूक म्हणत नाही. इथे बसून बोलायला माझं काय जातंय, हेही कळतं. पण सही करण्याआधी एवढं वाचा, कारण तिथे एकदा मिटलं की वर अपील नाही.

दादाच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के लिहिलंय, ते शरीराचे. कोर्टाने बघायचे ते कमाईचे. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे, राजकुमार विरुद्ध अजय कुमार. त्यात जवळपास आपलंच उदाहरण दिलंय. डावा हात तुटला तरी सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाते. दादाचा हात शाबूत आहे असं कंपनीचा वकील म्हणणारच. पण दोन बोटं गेलीत आणि अंगठा वाकत नाही. डाव्या हातात पटाशी धरता येत नसेल तर उजव्यातला हातोडा काय कामाचा? परवा व्हिडिओवर तो उजव्या हाताने चहा पीत होता आणि डावा टॉवेलखाली होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

हिशेब असा. महिना पंधरा हजार धरले तर वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत असेल तर पुढच्या वाढीचे म्हणून ४० टक्के मिळवतात, झाले २,५२,०००. अपघातादिवशी दादा ३८ चा, त्या वयाला १५ ने गुणतात. ३७,८०,०००. याचे ४० टक्के केले तरी १५,१२,००० होतात. कमाईचं नुकसान ८० टक्के मानलं तर ३०,२४,०००. दवाखान्याचा खर्च, सोसलेल्या वेदना, व्याज, हे सगळं आणखी वर. आणि कंपनी नऊ देतेय.

एवढे मिळतीलच असं नाही. पुरावा नसला तर पंधराचे दहा हजारही धरतील. म्हणून आई, दादाची ऑर्डरींची लाल वही शोध, माळ्यावर तांदळाच्या डब्यामागे असेल. ज्यांची दारं-खिडक्या केली त्यातले दोघे-तिघे साक्षीला आले तर बरं. डॉक्टरांनाही साक्षीला बोलवावं लागेल, नुसता कागद जोडून भागत नाही. वकीलसाहेबांना ‘राजकुमार’ म्हणा, त्यांना कळेल. रागावले तर रागावू देत.

नऊ लाख चिमीच्या लग्नाला हवेत हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळत नाही का? हॉलच्या ॲडव्हान्सचे दीड लाख सोमवारी पाठवतो, बाकीचं मार्चपर्यंत बघतो. कुठून आणणार ते विचारू नका, ओव्हरटाइम चालू आहे आणि डबा घरूनच नेतो. माझ्यासाठी स्थळं बघणं तूर्त थांबवा. कोल्हापूरकरांना काय सांगायचं ते आई बघेल. मे महिन्यात दोन आठवडे सुट्टी मागितलीय. मिळेल बहुतेक.

त्या पहाटे कराडच्या स्टँडवर मी रिक्षानेही गेलो असतो. दादा म्हणाला, सोडतो, आणि मी बॅग घेऊन मागे बसलो. पत्र त्याला वाचून दाखवाल तेव्हा एवढं वगळा.

तुमचा,
बापू

ता. क. आई, मफलर तूच दिलेला आहे, तपकिरी. फोटो परत बघ.