निवडणूक प्रचाराच्या पटखेळातील आकड्यांची चूक व अपुऱ्या नियमांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरील पटखेळ मी विकत घेतला असून, त्याच्या छपाईतील एका गंभीर चुकीबद्दल हे पत्र लिहीत आहे. खोक्यावर 2024 ची निवडणूक असे ठळक छापलेले आहे आणि राज्यांच्या कार्डांवरील इलेक्टोरल मतेही (अध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणारी ठरावीक मते) त्या निवडणुकीचीच आहेत. पटावर मात्र 2010 च्या जनगणनेवरून ठरलेले, म्हणजे 2012 ते 2020 या काळातील निवडणुकांचे आकडे तसेच राहिले आहेत. टेक्सासच्या कार्डावर 40 तर पटावर 38, फ्लोरिडाच्या 30 ऐवजी 29, कॅलिफोर्नियाच्या 54 ऐवजी 55, अशी एकूण 13 राज्यांत तफावत आहे. दोन्हीकडची बेरीज 538 च भरत असल्याने तपासणीत ही चूक निसटली असावी.

ही तफावत किरकोळ नाही. आमच्या एका डावात टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना, मोंटाना, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया ही राज्ये एका खेळाडूकडे आली, आकड्यांत फरक असलेली उरलेली सात राज्ये दुसऱ्याकडे गेली, आणि कार्डांवरून मोजल्यास निकाल 272 विरुद्ध 266 असा लागला, तर पटावरून मोजल्यास 269 विरुद्ध 269. कोणते आकडे ग्राह्य धरायचे हे नियमपुस्तिकेत नाही आणि बरोबरी झाल्यास काय करायचे हेही नाही. प्रत्यक्षात कोणालाच बहुमताची 270 मते मिळाली नाहीत तर निर्णय अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाकडे जातो, तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते आणि विजयासाठी 26 राज्ये लागतात. 1800 च्या निवडणुकीत थॉमस जेफर्सन आणि ॲरन बर या उमेदवारांना प्रत्येकी 73 मते पडली, तेव्हाही निर्णय याच सभागृहात झाला होता. पटावर कोणाकडे किती राज्ये आहेत हे दिसतच असते, त्यामुळे हा नियम दोन ओळींत मांडता आला असता.

मेन आणि नेब्रास्का या राज्यांची मते एकाच उमेदवाराला न जाता विभागली जाऊ शकतात, हा नियम आपण वगळला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. झटपट संपणाऱ्या खेळात एवढे सुलभीकरण योग्यच आहे. हातातले कार्ड त्यावरील प्रसंगासाठी वापरावे की प्रचाराच्या गुणांसाठी, हा पेच आपण फार उत्तम साधला आहे. परंतु शेवटच्या कार्डापर्यंत चुरस टिकवणाऱ्या खेळात निकालाचे आकडेच संदिग्ध असणे मला मान्य नाही.

"आपसात ठरवून घ्यावे" असे उत्तर आपल्या प्रतिनिधीने मला दिले, ते मी स्वीकारत नाही. दुरुस्त आकड्यांचा पट आणि बरोबरीच्या नियमाचे पान मला विनामूल्य पाठवावे, तसेच हा संच घेतलेल्या इतर ग्राहकांनाही ते उपलब्ध करून द्यावे. हे शक्य नसल्यास खेळ परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. चुकीच्या पटाची व कार्डांची छायाचित्रे आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. आपल्या लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक ग्राहक