चूल एकच राहणार आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला बसलो होतो, पण आपल्या घरात फोनवर कोणाचं बोलणं पुरं झालंय? मी "आई, एक सांगायचं होतं" म्हणेपर्यंत आत्या मागून "गुडघ्याला बर्फ लावला का विचार" म्हणते, चिंगी फोन ओढते आणि काकू कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मेथी किती महाग झाली ते सांगते. शेवटी तू "बरं, ठेवते" म्हणतेस. म्हणून कागद घेतला. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तुमची सवय मला माहीत आहे.

आधी मुद्द्याचं सांगतो. आपल्याच बिल्डिंगमधली तळमजल्याची डावीकडची जागा भाड्याने घेतली आहे. अकरा महिन्यांचा करार झाला, अनामत भरली, किल्ली दादाकडे आहे. पुण्याला ताईकडून आलात की तुम्ही दोघांनी तिथे राहायचं.

आई, थांब. लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. ही जागा आपल्या गॅलरीच्या बरोबर खाली आहे. तुम्हाला कोणी वेगळं काढलेलं नाही. या घरात चार भावांचे संसार झाले, पण दुसरी चूल मांडली गेली नाही, हे बाबांनी किती सोसून जमवलं ते आम्ही पाहिलंय. चूल वरच आहे आणि एकच राहणार आहे. खाली फक्त चहापुरती शेगडी ठेवलीय, तीसुद्धा बाबांना पहाटे साडेपाचला चहा लागतो म्हणून.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुम्ही नको म्हटल्यावर ते मोडायची आमच्यात कोणाची हिंमत नाही. म्हणून आधी करार केला.

वर आपल्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चौपन्न पायऱ्या आहेत, चिंगीने मोजल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीसुद्धा तू पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या चप्पल-स्टँडवर बसून त्यांच्याशी "सहज" गप्पा मारायचीस. आणि बाबा, दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचा नोटीस बोर्ड तुम्ही दर खेपेला पाच-पाच मिनिटं वाचता. त्यावर गेल्या दिवाळीपासून एकच नोटीस आहे. पुनर्विकास झाला की लिफ्ट येईल हे मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. परवाच्या मीटिंगमध्येही पार्किंगवरून वाजलं आणि सगळे चहा पिऊन घरी गेले.

दुसरं काही सुचलंच नाही असं नाही. दादा म्हणत होता, घोडबंदरला टॉवरमध्ये दोन फ्लॅट घेऊ. मला ऑफिसच्या दृष्टीने ऐरोली सोयीची झाली असती. ताई तर तुम्हाला कोथरूडमध्येच ठेवून घ्यायला बसलीय. पण बाबांना जांभळी नाक्याची भाजी दिसली नाही तर दिवस उगवत नाही, आणि तुला घंटाळी देवीच्या पलीकडे कुठे करमत नाही. ठाण्यातला आपला नौपाडा सोडायचा नाही, एवढं सगळ्यांचं एकमत झालं. आपल्या घरात एकमत! काकासुद्धा हो म्हणाले.

काकू मात्र दोन दिवस गप्प होती. "वहिनी खाली आणि मी वर, मग बोलायचं कोणाशी?" म्हणाली. चाळीस वर्षं तुम्ही दोघी एका ओट्यापुढे उभ्या आहात, तिला लागणारच. मग तिनेच तोड काढली. गॅलरीतून दोरीने टोपली सोडायची. पूर्वी भाजीवाल्याला सोडायचो तशीच, फक्त आता त्यातून आमटीचा डबा खाली येईल आणि निवडलेली भाजी वर जाईल. काल काकूने रिकामा डबा सोडून बघितला, तो पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकला. दोरी बदलतोय.

आता जागेचं. संडासात कमोड बसवून घेतलाय, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे आहेत. फरशी बदलली, ओली झाली तरी घसरत नाही. पलंग उंच केलाय, कारण डॉक्टरांनी खाली बसायला, मांडी घालायला आणि उकिडवं बसायला मनाई केलीय, हे मी तुला तिसऱ्यांदा सांगतोय. फाटकापाशी दोन पायऱ्या होत्या, तिथे उतार करून घेतला. आई, वर पावणेसातपासून बाथरूमपुढे बादल्या घेऊन जी रांग लागते, ती आता आमची आम्ही लावू. तुला आयुष्यात पहिल्यांदा तुझं एकटीचं बाथरूम मिळतंय. बाबांचं धरायचं नाही, ते सात मिनिटांत बाहेर येतात. तळमजल्याला नळ थेट येतो, त्यामुळे पिसे-टेमघरच्या पाणी केंद्राला दुरुस्ती निघाली आणि शटडाऊन झाला की पहाटे उठून पिंप भरायचं काम आता आमचं. तू उठायचं नाहीस. आवाज आला तरी कूस बदलायची.

बाबा, तुम्ही पावसाचं विचाराल. वंदना डेपोसमोर दरवर्षी तुंबतं, कबूल. पण २६ जुलै २००५ ला आपल्या गल्लीतलं पाणी फाटकाच्या पहिल्या पायरीशी थांबलं होतं. तुम्हीच तर गॅलरीतून टॉर्च मारून दर तासाला सांगत होतात. तरीही दाराला उंबरा वाढवून घेतलाय आणि कपाटाखाली विटा घातल्यात. भाडं किती ते विचारू नका. आम्ही तिघं भावंडं मिळून देतोय.

उंबऱ्यावरून आठवलं. गौरी या वर्षी खालच्या घरात आणू या का? आपण लहानपणी फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर पावलं काढायचो. रांगोळी पुरायची नाही, मग तू तांदळाचं पीठ द्यायचीस आणि ताई माझ्या पावलांना "हत्तीची" म्हणायची. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा न बघता त्यांच्यावरून चालत जायचे आणि मी रडायचो. मग तू सगळं काम टाकून खाली यायचीस आणि तीच पावलं पुन्हा काढायचीस. रोजच्या देवांचंही ठरायचंय. पूजा बाबा करतात तर देव खाली न्यावेत असं दादा म्हणतो, काकू म्हणते देव स्वयंपाकघराशेजारीच बरे. यात मी बोलणार नाही. तू सांगशील तसं.

पोळ्यांना बाई लावलीय. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. तिच्या पोळ्या तुझ्यासारख्या पदर सुटलेल्या नसतात, पण डबे सव्वासातला भरून होतात आणि काकूचं मनगट दुखायचं थांबलंय. मला मात्र अजून तुझ्या हातचाच डबा आठवतो. बाबा वागळे इस्टेटमधून दुसरी पाळी करून यायचे, साडेअकराला तू ताट वाढायचीस, मी झोपेचं सोंग घेऊन पडलेलो असायचो. बाबा डब्यातला उरवलेला अर्धा लाडू माझ्या उशाशी ठेवायचे. तो डब्यात कसा उरायचा, हे मला पाळ्या म्हणजे काय ते कळल्यावर कळलं.

आता नीट ऐका. ताईच्या गाडीने याल तेव्हा आईने पुढे बसायचं, सीट पूर्ण मागे घेऊन. वाटेत थांबून दोनदा तरी उतरायचं आणि चार पावलं चालायचं. बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवत राहायचं. पोटरी सुजली, दुखली, लाल झाली किंवा ताप आला तर "बघू सकाळी" म्हणायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. व्यायाम दुखतो म्हणून टाळायचा नाही. गोळी आधी घ्यायची आणि मग करायचा. वॉकर सोडायची घाई नको, कोथरूडच्या भिशीतल्या बायका काय म्हणतात ते मनावर घेऊ नकोस. बाबा, बीपीची गोळी रविवारीही असते. भाजीची पिशवी दोन किलोच्या वर उचलायची नाही. जिना दिवसातून एकदा चढायची मुभा आहे, तीही नोटीस न वाचता, सरळ थांबत थांबत.

रात्रीचं जेवण आम्ही पाळीने खाली येऊन जेवणार आहोत, म्हणजे तुम्ही कधी एकटे नसाल. उलट थोड्या दिवसांनी तुम्हीच दार लावून घ्याल. पोरांनी अभ्यासाची जागा आत्ताच धरून ठेवलीय. करमलं नाहीच, तर अकरा महिने संपल्यावर बोलू. पण गुडघा बोलू लागेल त्याच्या आधी तरी बोलू नका.

तुमचा,
बंड्या

ता. क. काकू विचारतेय, कुरडयांचा साचा कुठे ठेवलास? माळा, पलंगाखालची ट्रंक आणि पिठाच्या डब्यामागे बघून झालं. रविवारी गहू भिजत घालायचेत, त्याच्या आत कळव.