बाबांच्या हिशोबाला उत्तर

पुणे

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, छोटूच्या हाडांतला मगज पुरेसं रक्त बनवेनासा झालाय, म्हणून त्याला दुसऱ्याच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी द्यायच्या, म्हणजे ट्रान्सप्लांट करायचं. त्यासाठी पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. त्यावर काल तुम्ही फोनवर म्हणालात, "दादाचं अर्धं जुळतंय, सूनबाईचं अर्धं जुळतंय, मग दोघांचं मिसळून द्या की! अर्धं नि अर्धं, झालं पूर्ण." जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला असं फोनवर घाईत उत्तर देणं बरं नाही, म्हणून लिहितेय.

छोटूची अर्धी जुळणी दादाकडून आली, अर्धी वहिनीकडून, हे खरंच. पण दादाच्या पेशींवर त्याची दुसरी अर्धी खूणही असते आणि ती छोटूत नाही. वहिनीचंही तेच. दोघांच्या पेशी एकत्र सोडल्या तर त्या छोटूच्या अंगाला परकं समजणार, शिवाय एकमेकींशीही भांडणार.

तरी मिसळायची कल्पना खुळी नाही हं. 1988 मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी एका आजारी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. नाळेच्या रक्ताचं ते पहिलं ट्रान्सप्लांट. नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी कोवळ्या, जुळणी थोडी कमी असली तरी चालवून घेतात. पण असतात मोजक्या. मोठ्या माणसाला पुरत नाहीत आणि रुजायला तीन-चार आठवडे घेतात. तोवर अंगात पांढऱ्या पेशी नसतात, साधा ताप जिवावर बेततो. मग अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी दोन बाळांच्या नाळेचं रक्त एकदम देऊन पाहिलं. गंमत अशी की शेवटी बहुतेक वेळा एकाच बाळाच्या पेशी टिकतात, दुसऱ्याच्या हटतात.

पुढची युक्ती तुम्हाला लगेच कळेल. आपण सोयाबीनमध्ये तूर घेतो ना? सोयाबीन दसऱ्याच्या सुमाराला निघतं, तूर मागून उभी राहते. तसंच अर्ध्या जुळणीच्या नातेवाइकाच्या पेशी आणि परक्या बाळाच्या नाळेचं रक्त दोन्ही देतात. नातेवाइकाच्या पेशी लवकर वर येऊन पहिले आठवडे निभावतात, नाळेच्या सावकाश जम बसवतात. स्पेनमध्ये हे झालं. चीनमध्ये तर छोटूच्याच आजारात, अप्लास्टिक अ‍ॅनिमियात, करतात. तिथं मात्र बरेचदा नातेवाइकाच्याच पेशी राहतात आणि नाळेच्या नुसत्या मदतीला येऊन जातात.

मग छोटूला का नाही? एक तर नाळेच्या रक्ताची पिशवी फार महाग. दुसरं, ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध देतात. भांडायला उठलेल्या पेशी त्यानं मरतात, मूळ पेशी वाचतात. त्यामुळं एकट्या अर्ध्या जुळणीवर काम भागतं. इथले डॉक्टर दादाच्याच पेशी घेणार आहेत आणि मलाही तेच पटतं. डोनरच्या पेशी काढायच्या मशीनजवळ रोज मीच बसते, म्हणून दादाची काळजी करू नका. चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग काही तास मशीनला. हाडं ठणकतील, नंतर थांबतील.

"माझं घ्या" म्हणालात त्याबद्दल. आई-बापाचं अर्धं जुळतंच, आजोबांचं जुळेलच असं नाही. त्यात तुमची साखर. तेव्हा ते राहू द्या. आणि एक नक्की पाळा, घरातल्या कुणीही छोटूसाठी रक्त द्यायचं नाही. नात्यातलं रक्त आधी गेलं की शरीर त्याविरुद्ध तयार होतं आणि मग दादाच्या पेशी रुजू देत नाही. सेलूची पोरं यायची म्हणतायत त्यांना येऊ द्या, प्लेटलेट फार लागणार आहेत.

ताईच्या बाळंतपणात नाळ साठवायला कंपनीचा माणूस घरी येतोय म्हणे. पैसे भरू नका. स्वतःच्याच बाळासाठी अशी नाळ साठवायला आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनंही आधार नाही म्हटलंय. घरात सख्खं भावंड आजारी असेल तर गोष्ट वेगळी, पण छोटू ताईच्या बाळाचा मामेभाऊ.

आई, तू ये, पण अ‍ॅडमिट व्हायच्या आधी. नंतर काचेतूनच बघायला मिळेल. ठेचा, लोणचं, अंगारा काही आणू नकोस, आत नेऊ देत नाहीत. पोराला गोधडी हवी होती, तीही धुऊन उपयोग नाही, इथलीच चादर लागते. सर्दी असेल तर तिकीट पुढं ढकल.

तुमची,
माई