भिंतीचं तापमान

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आधी ठेवला. "विटांमधले सांधे थंडीच्या आत सिमेंटने भरून उरकून टाकू" असं तू म्हणालास आणि माझा आवाज चढला. चूक माझी. आज शांतपणे लिहिते.

तिकडे अमेरिकेतल्या आयोवात, ग्रिनेल गावच्या पेठेतली तुमची ती भिंत १८८९च्या आगीनंतरची. अशी जुनी वीट मऊ असते, तिला चुनाच मानवतो. सिमेंट विटेहून कडक, त्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही. तो विटेत अडकतो, आयोवाच्या थंडीत गोठून फुगतो आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. सांधा शाबूत राहतो, वीट जाते.

सांधा त्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल मोकळा कर. १० मिमीच्या सांध्याला २० ते २५ मिमी. उभ्या सांध्यांत ग्राइंडर घालू देऊ नकोस, विटांच्या कडा खातो, तिथे छिन्नीच. धूळ काढ, भिंत ओलसर कर, पण पाणी निथळता कामा नये. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे सुरुवातीला धर; जुन्या चुन्याचा तुकडा फोडून त्यातली वाळू बघ आणि तशीच मिळव. एका वेळी ६ मिमीचा थर. अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला काही चिकटणार नाही, तेव्हा पुढचा. शेवटचा थर विटेच्या झिजलेल्या कडेच्या किंचित आत ठेव, बाहेर फासला की तिथून पाणी शिरतं. मग ओलं गोणपाट, आणि रात्री थंडीपासून आडोसा.

कारण थंडी, बाळा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. त्याआधी आतलं पाणी गोठलं तर सगळा भुसा होऊन गळतो. पारा ५ अंश सेल्सिअसखाली जाणार असेल तर काम वसंतावर टाक.

पुन्हा शिकवायला लागले. तू याच विषयात पदवी घेतलीस, मी तर फक्त साइटवर शिकले. राग मानू नकोस.

तुमच्या ग्रिनेलमधल्या, वास्तुविशारद लुई सलिव्हनच्या १९१४च्या बँकेचा फोटो मी किती वेळा पाहिला! दारावरचं ते गोल टेराकोटाचं, म्हणजे भाजलेल्या मातीचं, नक्षीकाम बघताना तू आठवलास, वाड्याच्या भिंतीतला चुना नखाने उकरणारा, आणि आप्पांचं ते ओरडणं. वरचे सांधे उघडे पडले तर टेराकोटामागचे लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि नक्षी तडकते. तिथे कुणी हात घालायला सांगितलं, तर आधी जाणकाराला बोलाव. गावातलं रिकर यांचं घरही बघ. त्याचा वास्तुविशारद ग्रिफिन पुढे लखनऊला आला आणि १९३७ साली तिथेच गेला. मामाला सांगितलं तर खूश होईल.

परांचीवर एकटा चढू नकोस. पहाटेच्या दवाने फळ्या बर्फासारख्या होतात. तो जाड कोट घातलास ना?

थर्मामीटर हवेत नाही, भिंतीला लाव, उत्तरेच्या बाजूला. ती सगळ्यात उशिरा तापते. रात्री किती अंश दाखवतो तेवढं मला कळव.

तुझी,
आई