म्हैस विकली, आता दावं सोडा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या नेरूळच्या घरी एक तरुण जोडपं घर बघायला आलं होतं. दोन खोल्या, वर गळकी गच्ची, पण स्टेशन चालत दहा मिनिटांवर. त्यांना पसंत पडलं. चहा झाला आणि एजंटाने लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर खर्च मांडायला घेतला. मुद्रांक शुल्क ७ टक्के, बाईंच्या नावावर घेतलं तर ६. नोंदणीचे ३० हजार. सोसायटीची एनओसी. आणि मग सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे, ट्रान्सफर चार्जेस. तिथे त्या मुलीने मान वर करून मला विचारलं, "काका, घर तुमचंच आहे ना?"

मी बाबांची फाइल काढली. १९८६ चा करार, घड्यांवर फाटत आलेला. पैसे पूर्ण भरल्याच्या पावत्या टाचणीला टाचलेल्या, टाचणीही गंजलेली. आणि आत शब्द 'पट्टेदार', म्हणजे जमीन मुदतीने भाड्यावर घेतलेला. मुदत ६० वर्षं. बाबा मरेपर्यंत स्वतःला घरमालक समजत होते. बरं झालं, त्यांनी हे बारीक अक्षर कधी वाचलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. शहर आखलं ते चांगलंच आखलं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. रुंद रस्ते, सेक्टरागणिक बाजार, स्टेशनं आधी आणि वस्ती मागून. योजनाही साधी होती: जमीन घ्यायची, विकसित करायची, विकायची आणि त्या पैशातून शहर उभारायचं. पण 'विकायची' या शब्दापाशीच गोम आहे. विकली नाही, पट्ट्याने दिली. भूखंडांची निविदा निघाली की ज्याचा आकडा मोठा त्याला भूखंड. म्हणजे भाव घेताना खुला बाजार आणि मालकी सोडताना सरकारी खातं. म्हैस विकायची, पैसे मोजून घ्यायचे आणि दावं मात्र आपल्याच हातात ठेवायचं, असा हा व्यवहार.

आम्ही नोकरदार निदान राजीखुशीने सही करून आलो. ज्यांची जमीन होती त्यांचं काय? १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात, जासई भागात, मोबदल्यासाठी लढणाऱ्या पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. सातबाऱ्यावर ज्याचं नाव होतं, त्याला स्वतःच्याच जमिनीचा आठवा हिस्सा परत मिळाला. तोही पट्ट्याने! तो भूखंड बिल्डरला द्यायचा तर त्रिपक्षीय करार, म्हणजे टेबलाशी तिसरी खुर्ची पुन्हा त्याच महामंडळाची. शेतकऱ्याकडून घेताना मालकी हक्क घेतला आणि परत करताना भाडेपट्टा दिला. कागदावर हे कायदेशीर असेलही. मला तो हिशेब आजतागायत पचलेला नाही.

मी सरकार नकोच म्हणणाऱ्यांतला नाही. महापालिकेने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं केलं, त्याबद्दल नळ सोडताना मी मनात हात जोडतो. पाणी, गटारं, इमारत पडणार नाही ना याची तपासणी, ही कामं सरकारचीच. पण मी घर कुणाला विकतो यात सरकारचं काम काय? रस्त्यांचा, दिव्यांचा खर्च मालमत्ता करातून जातोच. विक्रीची नोंद निबंधकाकडे होते, मुद्रांक शुल्क तुमच्याच तिजोरीत पडतं. मग ट्रान्सफर चार्जेस नेमके कशाचे? या प्रश्नाचं उत्तर 'जमीन आमची आहे' एवढंच असतं.

पुनर्विकासात तर हे फार महागात पडतं. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या, सिडकोनेच बांधलेल्या जेएन टाइप इमारतींत लोकांनी वर्षानुवर्षं छताचं प्लास्टर डोक्यावर पडू दिलं. अशा सोसायटीला महापालिकेची परवानगी लागते, ती लागायलाच हवी. पण जमीनमालक म्हणून सिडकोची एनओसी वेगळी. एकाच इमारतीला दोन दारांवर उभं राहावं लागतं.

दिल्लीत डीडीएने, म्हणजे तिथल्या विकास प्राधिकरणाने, पट्ट्याची घरं मालकी हक्काची करून द्यायला १९९२ मध्येच सुरुवात केली. आपल्याच राज्यात भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारच्या अटी असलेल्या, जमिनी वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करण्यासाठी २०१९ मध्ये नियम झाले. त्यामुळे 'असं करता येत नाही' हे आम्हाला सांगू नका. फ्रीहोल्डच्या, म्हणजे पट्ट्याऐवजी पूर्ण मालकी देण्याच्या, घोषणाही कानावर पडून गेल्या, चौकात आभाराचे फलक लागून गेले. माझी भीती वेगळी आहे. रूपांतर करायचं, पण रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारभावावर, टक्केवारी लावून, म्हणजे तेच घर आम्हाला दुसऱ्यांदा विकायचं. तसं करू नका. जिथे मूळ किंमत पूर्ण भरलेली आहे, तिथे पावती बघा, नाममात्र शुल्क घ्या आणि मालकी नोंदवून द्या. साडेबारा टक्केवाल्यांकडून तेवढंही घेऊ नका. यात महामंडळाचं उत्पन्न बुडेल, हे मला कळतं. पण ते त्याचं उत्पन्न होतं कधी?

येत्या रविवारी ते जोडपं पुन्हा येणार आहे. बँकेने त्यांना पट्ट्याची किती वर्षं उरली ते विचारलंय. मी बोटांवर मोजली, वीसेक भरतात. त्यांचं कर्जही तेवढ्याच वर्षांचं आहे.

आपला,
नेरूळचा एक पट्टेदार