रिपोर्टचा फोटो नको, सीडी पाठव

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार. बायॉप्सीत कॅन्सर निघालाच आहे, मग आता एमआरआय कशाला, असं तू जरा चिडूनच विचारलंयस. चिडणं साहजिक आहे. पण ताईच्या बायॉप्सीत नुसतं ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, एवढंच लिहिलंय, आणि तो गर्भाशयाच्या अस्तरातूनही उगवतो, गर्भाशयमुखातूनही. तुकडा इवलासा. पॅथॉलॉजीवाले खास रंग देऊन मूळ शोधतात, तरी कधीकधी अडतंच. आणि सगळं त्यावर ठरतं. अस्तराचा असेल तर सहसा आधी ऑपरेशन. मुखाचा असून चार सेंटिमीटरच्या वर गेला किंवा शेजारच्या ऊतींत शिरला असेल, तर बहुधा किरणोपचार आणि सोबत केमो.

रेडिओलॉजिस्ट म्हणून मी काय बघते सांगू? एमआरआयमध्ये एकाच जागेची वेगवेगळ्या तऱ्हेची चित्रं काढतात. त्यातल्या टी-टू चित्रात गर्भाशयाचे थर वेगळे दिसतात: आत पांढरं अस्तर, त्याला लागून काळी बारीक पट्टी, बाहेर करडा स्नायू. अस्तराचा कॅन्सर मळकट करडा. तो स्नायूत निम्म्याच्या आत थांबलाय की पलीकडे गेलाय, हे मोजायचं. पाळी गेल्यावर मात्र ती काळी पट्टी पुसट होते, म्हणून ताईच्या वयात मी डिफ्यूजन (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) आणि कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून औषध देऊन काढलेल्या) चित्रांवर जास्त विसंबते. डिफ्यूजनमध्ये गाठ दिव्यासारखी उजळते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर उलट स्नायू उजळतो आणि गाठ मागे राहते. गाठही स्नायूइतकीच किंवा जास्त उजळली, तर कार्सिनोसार्कोमाची, म्हणजे जास्त आक्रमक मिश्र कॅन्सरची, शंका मनात येते.

मुखाच्या कॅन्सरचा मध्य खालीच असतो. वाट बुजली की वरच्या पोकळीत रक्त साठतं, पण अस्तर पातळच. अस्तरातून खाली उतरलेली गाठ मुखाला आतून फुगवते. मुखाभोवतीचं काळं कडं अखंड दिसलं, तर कॅन्सर बाजूला सांडलेला नाही असं मी बऱ्याच खात्रीने सांगते.

आता सार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या ऊतींचा कॅन्सर. ताईला तो नाही, पण तू विचारलंस म्हणून. तो बहुधा स्नायूतून येतो, म्हणून अस्तराची बायॉप्सी त्याला हुकूही शकते. वेड्यावाकड्या कडा, आत रक्तस्राव, मधोमध मेलेला भाग, डिफ्यूजनमध्ये चकाकी, अशी त्याची लक्षणं. गंमत म्हणजे यातली बरीचशी साध्या फायब्रॉइडमध्येही, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतल्या कॅन्सर नसलेल्या गाठीतही, सापडतात! मी एकदा फसलेय. सार्कोमाची दाट शंका लिहिली आणि निघाला पेशींनी गच्च भरलेला साधा फायब्रॉइड. त्या बाईंनी मधले दिवस जीव मुठीत धरून काढले. तरी शंका लिहावीच लागते. दुर्बिणीतून गाठ पोटातच यंत्राने कापून काढली आणि ती सार्कोमा ठरली, तर पोटभर पसरू शकते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये याच कारणाने त्या यंत्रांबाबत इशारा दिला होता.

तेव्हा एमआरआय टाळू नका. बायॉप्सीने नाव कळतं, गाव या चित्रांतून. ताईच्या अंगात स्टेंट, पेसमेकर, जुनी क्लिप असं काही असेल तर आधी तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. किडनीचा त्रास असेल तर तोही, कॉन्ट्रास्टमुळे. तिला बंद जागेची भीती वाटते ना? मग डोळे आत जाण्याआधीच मिटायला सांग, आत गेल्यावर नको. आवाज खूप असतो, कानात बोळे देतात.

झाला की मला रिपोर्टचा फोटो पाठवू नकोस, सीडी पाठव. ‘मुखापर्यंत विस्तार’ एवढ्या दोन शब्दांवर मी काही बोलणार नाही. मुखाभोवतीचं कडं मला स्वतःला बघायचंय.

तुझी,
मीना

ता.क. ताईला पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. सार्कोमाचा परिच्छेद मात्र गाळ.