बाबांच्या बायपासआधी

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहायला बसले. आई, हे त्यांना वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

शुक्रवारी डायलिसिसच्या आधी बाबांचं पोटॅशियम ६.३ आलं. नंतर कळलं की भेटायला आलेल्यांनी शहाळी आणली होती आणि दोन दिवस सकाळी एकेक पोटात गेलं. त्यांना तरी काय बोलणार? आजाऱ्याला शहाळं न्यायचं, हेच आपण सगळे शिकलो. पण किडनी बंद पडलेल्या माणसाला ते सोसत नाही. पोटॅशियम ३.५ ते ५ असावं. सहाच्या वर गेलं की ठोके कधी बिघडतील याचा नेम नसतो, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवतही नाही. मला त्याचीच धास्ती वाटते. आई, ते कमी सोडियमचं मीठही बंद कर, त्यात पोटॅशियम असतं. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकड आणि ते पाणी ओतून दे.

बाबा, तुम्ही विचारलंत की हृदयाचं काम मशीन करणार, मग किडनीचा एवढा घोर कशाला? मी रोज त्याच मशीनवर बसते, म्हणून नीट सांगते.

हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत हवा राहून चालत नाही, त्या आधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात. तो लिटर-दीड लिटर द्रव पंप सुरू होताच तुमच्या रक्तात मिसळणार. हिमोग्लोबिन आधीच ९ आहे, रक्त आणखी पातळ होणार. मग हृदय थांबवायचं, आणि ज्या औषधाने थांबवतात त्या कार्डिओप्लेजियात मुख्य काम पोटॅशियमच करतं. आईने इतके महिने जे स्वयंपाकघराबाहेर ठेवलं, तेच तिथे मुद्दाम हृदयात सोडावं लागतं. किडनी चांगली असेल तर ते लघवीवाटे निघून जातं. माझ्या जागेवरून लघवीची पिशवी दिसते, आणि ती किती भरली यावर माझी नजर सारखी असते. डायलिसिसच्या पेशंटची पिशवी बहुधा कोरडीच असते.

खडकवासला धरणावर असताना तुम्ही पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन पातळी बघायला जायचात, आठवतं? वहीत एका बाजूला आवक, दुसऱ्या बाजूला विसर्ग. आमचा चार्ट तसाच असतो. औषधासोबत गेलेलं दहा मिली पाणीसुद्धा त्यात लिहितात. तुमच्या बाबतीत विसर्गाचं दार आम्हालाच बसवावं लागणार. त्याला हिमोफिल्टर म्हणतात. वीतभर नळकांडं, आत केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. रक्त त्यातून फिरतं आणि जादा पाणी, पोटॅशियम बाहेर झिरपतं. फिकट पिवळं पाणी बाटलीत थेंबथेंब जमताना दिसलं की मला हायसं वाटतं. पोटॅशियम जास्तच असेल तर जेवढं पाणी काढलं तेवढाच पोटॅशियम नसलेला द्रव परत देतात. दर अर्ध्या तासाला ब्लड गॅस, म्हणजे पोटॅशियमही दाखवणारी रक्ताची झटपट तपासणी, होते. रक्त चढवायचं झालं तर शक्यतो ताजं मागवतात, कारण साठवलेल्या रक्तात दिवसागणिक पोटॅशियम वाढतं. तरीही आकडा चढला तर हृदयाला कॅल्शियमचं संरक्षण देतात, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन देतात. पण इन्सुलिनने पोटॅशियम फक्त पेशींच्या आत ढकललं जातं, काही तासांनी ते पुन्हा बाहेर येतं. शरीराबाहेर काढायचं तर फिल्टर नाहीतर डायलिसिस.

पाणी जास्त राहिलं तर फुप्फुसांत साचतं, जास्त काढलं तर बीपी कोसळतं. मधली वाट फार अरुंद आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डायलिसिस ठेवलंय ते म्हणूनच. त्या दिवशी वजन जितकं ड्राय वेटच्या, म्हणजे जादा पाणी काढल्यावरच्या वजनाच्या, जवळ, तितकं भूलतज्ज्ञांचं काम सोपं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तुम्ही तहान मारताय हे मला दिसतं बाबा, आणि पोटात कालवतं. लोणचं-पापड खरंच सोडा, निम्मी तहान मिठाची असते. घसा कोरडा पडला की चूळ भरा, बर्फाचा खडा चघळा, पण तोही पाण्याच्या हिशेबात धरा.

त्या दिवशी मशीनवर मी नसेन. मीच नको म्हणाले. पंपावर आपलाच माणूस असताना आकड्याकडे आकडा म्हणून बघता येईल, याची मला खात्री नाही. माझे सीनियर बसतील, त्यांच्या हाताखालीच मी शिकले. आई, मी बाहेर तुझ्याजवळ असेन.

बुधवारी सकाळच्या गाडीने निघा, मी स्वारगेटला येते. डायलिसिसची फाइल आणि रोजच्या वजनाची वही आणा. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, आहे. तिथे कुणाला बीपी घेऊ देऊ नका, सुई टोचू देऊ नका, पिशवीही उजव्याच हातात धरा.

तुमची,
मनू